पोथीतल्या गोकर्णाकडे

बेळगावच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावांत कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या गोकर्णाची पहिली ओळख होते ती गुरुचरित्राच्या सहाव्या अध्यायातून. दत्तजयंतीच्या सप्ताहात ऐकलेले ते क्षेत्र महाशिवरात्रीला पायी गाठावे, असे आम्ही गावकऱ्यांनी ठरवले आणि नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीपुढे माथा टेकून हल्याळची वाट धरली. हल्याळपर्यंत वाटेत मराठी कानावर पडत होती; यल्लापूरच्या पुढे सुपारीच्या बागा आणि तिथल्या हव्यक ब्राह्मणांची कन्नड बोली सुरू झाली. आर्बैल घाट उतरताना हवा दमट झाली. चढापेक्षा उतारच गुडघ्यांची खरी परीक्षा घेतो, हे तिथे सर्वांना कळले. रात्री देवळाच्या मंडपात पायांना खोबरेल चोळत बसलो की आमच्यातल्या मावशी पोथी उघडत.

कथा सर्वांना पाठ होती, तरी चालून दमलेल्या माणसाला ती वेगळी ऐकू येते. मातेच्या शिवपूजेसाठी कैलासच उचलून न्यायला निघालेला रावण अखेर शंकराकडून आत्मलिंग मिळवतो; लंकेला पोहोचेपर्यंत ते भूमीवर ठेवायचे नाही, एवढीच अट असते. विष्णू सुदर्शनाने सूर्य झाकतो, संध्येची वेळ टळू नये म्हणून रावण बटुरूपातल्या गणपतीच्या हाती लिंग सोपवतो आणि बटू तीन हाका मारून ते खाली ठेवतो. रावणाने सर्व बळ लावून उपटू पाहिले, तेव्हा ते मुरडून गाईच्या कानासारखे झाले, पण हलले नाही. म्हणून देव महाबळेश्वर आणि क्षेत्र गोकर्ण. एवढा पराक्रमी रावण नित्यकर्म चुकू नये म्हणून फसला, याचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे. मावशींना मात्र ते मान्य नव्हते.

पोथीतली कथा इथे थांबते, किनाऱ्यावर ती पुढे चालते. संतापलेल्या रावणाने लिंगावरची आवरणे भिरकावली आणि ती कारवारचे शेज्जेश्वर, गुणवंते, धारेश्वर व मुरुडेश्वर येथे पडली, असे अंकोल्याला चहाच्या टपरीवर आम्हाला सांगण्यात आले. गोकर्ण धरून ही पंचक्षेत्रे.

गंगावळी नदी ओलांडून गोकर्णात शिरलो तेव्हा रथबीदीत, म्हणजे रथाच्या रस्त्यावर, पाय ठेवायला जागा नव्हती. समुद्रस्नान, मग कोटितीर्थ हे तळे आणि महाबळेश्वराच्या आधी महागणपती, असा इथला क्रम आहे. गणपती उभा आणि द्विभुज आहे. त्याच्या मस्तकावरची खोच रावणाच्या ठोशाची मानतात. पश्चिमाभिमुख महाबळेश्वराच्या गाभाऱ्यात डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. पीठाच्या मधल्या छिद्रात बोट घातले की पाण्याखाली लिंगाचा माथा लागतो, खडबडीत आणि गार. कालिदासाच्या रघुवंशात नारद याच गोकर्णाच्या शिवापुढे वीणा वाजवायला निघालेला आहे. बसरूर बंदरावरची स्वारी आटोपून शिवाजी महाराज 1665 साली इथे आले होते. आणि दत्तावतार श्रीपाद श्रीवल्लभ कुरवपुराला जाण्यापूर्वी तीन वर्षे इथे राहिले, असे आमची पोथी सांगते.

दर्शनानंतर तरुण मंडळींनी उरलेली क्षेत्रे एका दिवसात उरकण्यासाठी गाडी ठरवली. मावशींनी साफ नकार दिला. सातवा अध्याय, कल्माषपाद राजाच्या कथेचा, अजून वाचायचा राहिला होता आणि तो गोकर्णातच वाचायचा, असे त्यांनी घरून निघतानाच ठरवले होते.