ईपरच्या शेतात अजून तोफगोळे निघतात

ईपरच्या चौकात उभं राहिलं की समोरचा क्लॉथ हॉल थेट तेराव्या शतकातून आल्यासारखा दिसतो. कमानींची लांबच लांब रांग, मधोमध उंच मनोरा. प्रत्यक्षात आज दिसणारी इमारत पुरी झाली १९६७ साली. माझी मोठी बहीण तिच्याहून वयानं मोठी आहे! बेल्जियमच्या पश्चिम टोकाचं हे सगळं गावच तसं. पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १९१८ या चार वर्षांत, तोफांनी त्याचा पार चुराडा केला होता. १९१९च्या सुरुवातीला चर्चिलनी सुचवलं होतं की हे अवशेष असेच राहू द्यावेत, ब्रिटिश सैनिकांचं स्मारक म्हणून. पण परतलेल्या गावकऱ्यांना स्मारकात राहायचं नव्हतं. त्यांना आपलं घर, दुकान आणि चर्च हवं होतं, तेही पूर्वी होतं तसंच. मला विचाराल तर गावकऱ्यांचं बरोबर होतं.

भाची घेंटला शिकते, बेत तिचाच. रात्री आठला आम्ही मेनिन गेटखाली जाऊन उभ्या राहिलो. या कमानीच्या भिंतींवर ५४ हजारांहून जास्त नावं कोरली आहेत, ब्रिटिश साम्राज्याच्या ज्या सैनिकांचं प्रेतसुद्धा ओळखू आलं नाही अशांची. तरी जागा अपुरी पडली, म्हणून आणखी सुमारे ३५ हजार नावं थोड्या अंतरावरच्या टाइन कॉट दफनभूमीच्या भिंतीवर गेली. आठ वाजले की वाहतूक थांबते आणि गावच्या अग्निशमन दलातले बिगुलवाले रस्त्याच्या मधोमध येऊन 'लास्ट पोस्ट' ही मृत सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजवतात. १९२८मध्ये हे सुरू झालं आणि १९२९पासून रोज चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव घेतलं तेव्हा खंड पडला. ६ सप्टेंबर १९४४ला पोलिश सैन्यानं गाव सोडवलं आणि त्याच संध्याकाळी बिगुल पुन्हा वाजला. गर्दी एवढी की मला बिगुलवाल्यांपेक्षा वर धरलेले मोबाइलच जास्त दिसले. खरं सांगायचं तर तिथे मला फारसं काही वाटलं नाही.

वाटलं ते दुसऱ्या दिवशी, बटाट्याच्या शेतापाशी.

आम्ही भाड्याच्या सायकली घेऊन लांगेमार्ककडे निघालो होतो. सगळी सपाट, ओली, काळी जमीन. एका विजेच्या खांबाच्या बुंध्याशी गंजलेल्या लोखंडाचे दोन तुकडे ठेवलेले दिसले, हातभर लांबीचे, चिखलानं माखलेले. मी वाकले तशी भाची ओरडली, "मावशी, हात लावू नकोस!" ते तोफगोळे होते. नांगराला लागले की शेतकरी ते उचलून असे रस्त्याकडेला ठेवतात आणि फोन करतात. मग सैन्याच्या बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाची गाडी येते आणि घेऊन जाते. आम्ही उतरलो होतो त्या घरचे काका शेतकरीच. ते म्हणाले, "पाऊस झाला की जास्त निघतात." आपल्याकडे कोणी भुईमुगाबद्दल बोलावं, त्या सुरात.

तज्ज्ञांचा अंदाज असा की या भागात डागलेल्या दर तीन-चार गोळ्यांतला एक फुटलाच नाही. बेल्जियममध्ये अजूनही दरवर्षी शंभर टनांहून जास्त दारूगोळा जमिनीतून निघतो. तो या पथकाच्या पुलकापेलच्या तळावर नेतात. काही गोळ्यांत नुसती स्फोटकं नसतात, विषारी वायू असतो. २२ एप्रिल १९१५ला ईपरच्या उत्तरेला जर्मनांनी क्लोरीन सोडला, तिथून पुढे दोन्ही बाजूंनी वायू वापरला. वरून सगळे गोळे सारखेच गंजलेले दिसतात, म्हणून आत काय आहे ते बघायला त्यांचे एक्स-रे काढावे लागतात. युद्ध संपल्यावर सुरुवातीला तर हजारो टन गोळे कनोक्केजवळच्या किनाऱ्यालगत समुद्रात नेऊन टाकले. ते अजून तिथेच आहेत, गाळाखाली. मार्च २०१४मध्ये ईपरमध्ये बांधकामाच्या जागी असाच गोळा फुटून दोन कामगार गेले. युद्धाला तेव्हा शंभर वर्षं होत आली होती.

दक्षिणेला मेसेनच्या टेकडीखाली ७ जून १९१७ला ब्रिटिशांनी एकाच वेळी १९ सुरुंग उडवले. पेरलेले मात्र याहून जास्त होते. उरलेल्यांपैकी एक १९५५मध्ये वीज पडून फुटला आणि एक गाय मेली. बाकीचे? आहेत, खालीच. वरती शेती चालू आहे.

एक दिवस सीमा ओलांडून फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला गेलो. इथलं भारतीय सैनिकांचं स्मारक वास्तुकार हर्बर्ट बेकरचं, १९२७ साली उघडलेलं. गोल आवार, सुमारे १५ मीटर उंच स्तंभ, त्याच्या दोन बाजूंना दगडी वाघ, आणि भिंतीवर ४,७००हून जास्त नावं. आम्ही गेलो तेव्हा आत दुसरं कोणीही नव्हतं. शेजारीच पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे. त्या काळी गोव्यावर राज्य करणारे आणि उरलेल्या हिंदुस्थानावर राज्य करणारे, दोघांसाठी मेलेले लोक एकमेकांना लागून!

नावं पलटणीनुसार आहेत, म्हणून मी सरळ सॅपर्स अँड मायनर्सच्या भागाकडे गेले. २८ ऑक्टोबर १९१४ला खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांना ४७व्या शीख पलटणीबरोबर या गावावर पाठवलं होतं. यांचं काम पूल बांधायचं, खंदक खणायचं. इथे मात्र त्यांना पायदळासारखं संगिनी लावून घराघरांतून लढायला लावलं. ते गावात शिरलेही, पण मागून कुमक आली नाही आणि परतावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. शिकवून तयार केलेले कारागीर असे खर्ची घालणं हा मूर्खपणाच, दुसरा शब्द मला सुचत नाही. मराठा पलटणींतले बहुतेक इथे नाहीत, ते मेसोपोटेमियात गेले.

आपल्याकडे साताऱ्याला, कोकणात काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक दगडी पाटी असते: या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले, पैकी इतके मेले. आकडे असतात, नावं नसतात. न्यूव्ह शापेलला नावं आहेत, पण गाव नाही. दोन्ही जुळतात ते स्मारकाच्या नोंदवहीत, कारण तिथे बऱ्याच नावांपुढे बापाचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. या स्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर हीच माहिती घरबसल्या फुकट शोधता येते. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर एकदा शोधून बघा. स्पेलिंग मात्र चार-पाच तऱ्हांनी करून पाहावं लागेल, कारण साहेबाच्या कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं आहे.