एकादशी आणि वजनकाटा

दीड महिना रोज १२०० कॅलरींवर काढला. सुरुवातीला वजन भराभर उतरलं, मग काटा ढिम्म हलेना. वर चिडचिड एवढी, की घरचे चार हात लांबच. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी आकडा १६०० वर नेला. रोज साधारण ५०० कॅलरींची तूट, म्हणजे आठवड्याला फार तर अर्धा किलो. चालेल म्हटलं, निदान पोळी तरी मिळेल!

आज एकादशी. आई खिचडी करायला घेत होती, मी कुटाची वाटी हळूच काट्यावर ठेवली. माझ्या एकटीच्या वाटणीचं कूट ६० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३४० कॅलरी. तेवढाच कोरडा साबुदाणा, त्याच्या आणखी दोनशे. तूप दोन चमचे, शिवाय बटाटा. ताटली साडेसहाशेच्या पुढे गेली आणि मी आजवर हिला 'हलकं खाणं' म्हणत होते. एकादशी अन् दुप्पट खाशी, उगाच नाही म्हणत.

मग निम्मी खिचडी आणि वाडगाभर काकडीची दह्यातली कोशिंबीर घेतली. पोट भरलं, खरंच.

आई मात्र काट्याकडे बघत म्हणाली, "पुढच्या वेळी तो उचल इथून. मला मिरच्या चिरायला जागा लागते."