म्युस्कादे: गाळ, ग्रॅनाइट आणि गॅब्रो

फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातल्या पांढऱ्या वाइनचा अभ्यास चालू आहे. हा अख्खा हंगाम म्युस्कादेला दिला. नाँतला राहत असल्यामुळे तशी ती घराजवळचीच वाइन. शहर ओलांडून दक्षिणेकडे निघालं की थोड्याच वेळात सेव्र आणि मेन या दोन लहान नद्यांच्या काठच्या बागा लागतात. कालवांबरोबर प्यायची स्वस्त, आंबट, थंडगार पांढरी वाइन एवढीच तिची ओळख बहुतेकांना असते. ती ओळख अपुरी आहे, हे या हंगामात माझ्यापुरतं पक्कं झालं. या किमतीत चव घ्यायला इतकं शिकवणारी दुसरी फ्रेंच वाइन मला माहीत नाही.

याचं कारण खुद्द द्राक्षातच आहे. मेलाँ द बुर्गोन्य हा वाण पिनो आणि ग्वे ब्लाँ यांच्या संकरातून आलेला, म्हणजे शार्दने या प्रसिद्ध पांढऱ्या द्राक्षाचं भावंडच. मूळचा पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडीचा. डच व्यापाऱ्यांना ब्रँडी गाळण्यासाठी हलकी पांढरी वाइन हवी असायची, त्यामुळे तो नाँतकडे रुजू लागला होता. मग १७०९ च्या हिवाळ्यात इथल्या बागा थंडीने मेल्या आणि नव्या लागवडीत थंडीला टिकणाऱ्या मेलाँने बाजी मारली. या द्राक्षाला स्वतःचा मोठा सुगंध नाही: थोडं हिरवं सफरचंद, लिंबाची साल, बस्स. म्हणूनच बाकी सगळ्या गोष्टी, म्हणजे समुद्राजवळची हवा, गाळ, जमीन, चवीत लगेच कळतात.

आधी गाळाबद्दल. आंबवण संपल्यावर मेलेलं यीस्ट टाकीच्या तळाशी बसतं. बहुतेक ठिकाणी वाइन त्यावरून काढून दुसऱ्या भांड्यात घेतात. इथे ती हिवाळाभर त्याच गाळावर ठेवतात आणि मार्चपासून थेट तिथूनच बाटलीत भरतात. लेबलवरच्या 'स्यूर ली' (म्हणजे 'गाळावर') या दोन शब्दांमागे ही सगळी पद्धत आहे. जुन्या तळघरांत त्यासाठी जमिनीखाली सिमेंटच्या टाक्या आहेत, आतून काचेच्या फरश्या लावलेल्या. टाकी उंच नसते, पसरट असते, त्यामुळे वाइनचा जास्त भाग गाळाच्या सहवासात राहतो. एका तळघरात मला थेट टाकीतून चव घ्यायला मिळाली. भिजवलेल्या कणकेचा हलका वास, जिभेवर किंचित चुरचुर (आंबवणीतला कार्बन डायऑक्साइड थोडा उरलेला असतो) आणि शेवटी खारट झाक. आंबटपणा तेवढाच धारदार, पण त्याला अंग आलेलं.

आता जमीन, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. २०११ मध्ये क्लिसाँ, गॉर्ज आणि ल पाले या तीन गावांना स्वतःच्या नावाने वाइन विकण्याची मान्यता मिळाली. पुढे आणखी गावांची भर पडली. क्लिसाँ आणि गॉर्जची वाइन किमान २४ महिने गाळावर राहते. इतका काळ ठेवल्यामुळे 'स्यूर ली'ची बाटलीत भरायची मुदत उलटून जाते आणि ते शब्द लेबलवर येत नाहीत. दुकानात बाटली निवडताना हे लक्षात ठेवा, नाहीतर सर्वांत जास्त गाळावर राहिलेली बाटलीच तुम्ही मागे ठेवून याल.

क्लिसाँची जमीन ग्रॅनाइटची. तो झिजून वाळूसारखी भुसभुशीत माती होते, पाणी पटकन निचरतं, माती लवकर तापते. शेजारच्या गॉर्जमध्ये गॅब्रो हा गडद अग्निजन्य खडक आहे. त्याची चिकणमाती होते, ती ओल धरून ठेवते, गार राहते आणि द्राक्ष उशिरा पिकतं. एकाच उत्पादकाच्या, एकाच सालच्या दोन्ही गावच्या बाटल्या मिळवल्या आणि बायकोने वर्तमानपत्र गुंडाळून त्या समोर ठेवल्या. क्लिसाँ गोलसर, पिकलेल्या नाशपातीकडे झुकणारी, जरा रुंद. गॉर्ज ताठ, आखडलेली, अर्ध्या तासाने हळूहळू उघडणारी, शेवटी सुखद कडवट. फरक ओळखू आला. खडकाची चव वाइनमध्ये उतरते असं मात्र मी म्हणणार नाही. मुळं दगडाची चव शोषत नाहीत. पाणी किती मिळतं, ऊब किती मिळते आणि फळ केव्हा पिकतं हे जमीन ठरवते, आणि माझ्या मते तेवढं पुरेसं विलक्षण आहे.

तापमानाची नोंद: साधी स्यूर ली ८-१० अंशांना उत्तम. गावाच्या नावाची वाइन फ्रिजमधून काढून १२ अंशांपर्यंत येऊ द्या, नाहीतर नुसता आंबटपणाच हाती लागतो.

खाण्याबरोबर. कालवं आणि शिंपले तर झालेच. पण मला तिसऱ्यांचं सुकं करून बघायचं होतं. नाँतमधल्या तालाँसाकच्या बाजारात तिसऱ्यांच्या जातकुळीचे शिंपले सहज मिळतात, मालवणी मसाला घरी होताच. अल्कोहोल साधारण १२ टक्केच असल्याने तिखटाची आग वाढली नाही. खरी मेख कोकमाची आहे: पदार्थ वाइनपेक्षा आंबट झाला की वाइन पाणचट लागते. कोकम निम्म्यावर आणलं, ओलं खोबरं सढळ ठेवलं, आणि गॉर्ज त्याच्याबरोबर सुरेख जमली. कोकणातल्या मंडळींनी हे नक्की करून पाहावं.

बागांची चिंता मात्र खरी आहे. मेलाँला लवकर फूट येते, आणि वसंतातल्या एखाद्या रात्री पारा शून्याखाली गेला की कोवळी फूट करपून जाते. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर हेच झालं. शेतकरी रात्रभर बागेत मोठ्या मेणबत्त्या पेटवून बसतात. निफाडकडे थंडीच्या लाटेत बागायतदार ओळींमधून शेकोट्या करतात, ती धडपड हीच. सगळं साल एका पहाटेवर टांगलेलं. एवढं सोसूनही हे लोक बाटली इतक्या कमी किमतीला विकतात, याचं मला वाईट वाटतं. गावाच्या नावाच्या बाटल्यांना जास्त भाव मिळतो, म्हणून शक्य असेल तेव्हा त्याच घ्या.

पुढचा टप्पा: शातो-तेबो गावची वाइन अजून नीट चाखायची आहे. क्लिसाँच्या काही बाटल्या तळघरात आडव्या ठेवल्यात, त्यांतली एक दरवर्षी उघडून इथे नोंद करेन. कुणाकडे दहा वर्षांहून जुनी गॉर्ज असेल तर तिची चव कशी बदलली ते जरूर कळवा.