चक्का-शेंगदाण्याचं ड्रेसिंग : घट्ट ठेवा, डिप, सैल करा, सॅलडवर

दही फेटायचं, त्यात मीठ-मिरपूड घालायची आणि काकडी-गाजरावर ओतायचं, एवढ्याला घरगुती ड्रेसिंग म्हणायची पद्धत पडली आहे. ते ड्रेसिंग दहा मिनिटांत ताटलीच्या तळाशी जाऊन बसतं आणि वर काकडी कोरडीच्या कोरडी. यात दह्याचा काही दोष नाही. दह्यात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, काकडी स्वतःचं पाणी सोडते, मीठ दोघांनाही आणखी सोडायला लावतं. म्हणून पाणी आधी काढून टाकायचं आणि नंतर हवं तेवढंच परत घालायचं. या एका सवयीने तेच वाटण सकाळी सॅलडवर आणि संध्याकाळी वेफर्सबरोबर चालतं.

दाटपणासाठी मेयोनीज किंवा क्रीमची गरज नाही. खानदेशात त्यासाठी लागणारं सगळं घरातच असतं: म्हशीचं दही, शेंगदाणे, घाण्याचं तेल, लसूण, मिरची. मेथीच्या किंवा हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याच्या घोळाण्यात, म्हणजे कच्च्या पाल्याच्या कोशिंबिरीत, आपण दाण्याचं कूट आणि कच्चं तेल घालतोच. पाल्याचा उग्रपणा त्याने मरतो आणि मीठ-तिखट पानाला धरून राहतं. इथे त्याच जोडीला चक्क्याची साथ द्यायची आहे.

माप असं. एक किलो दह्याचा चक्का, म्हणजे साधारण ४०० ते ४५० ग्रॅम. शेंगदाणे ६० ग्रॅम. लसणाच्या मध्यम पाकळ्या ५. हिरव्या मिरच्या ३, लवंगी असतील तर २. एका लिंबाचा रस. घाण्याचं शेंगदाणा तेल २ मोठे चमचे. मीठ पाऊण चहाचा चमचा, भाजून कुटलेलं जिरं अर्धा, गूळ किंवा साखर अर्धा. कोथिंबीर मूठभर. मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि चहाचा ५ मिली, सगळीकडे सपाट भरलेला. यातून अर्ध्या किलोच्या वर घट्ट वाटण तयार होतं.

सगळ्यात जास्त लक्ष चक्क्याकडे द्यावं लागतं. दूध सायीसकट, न काढलेलं घ्या. म्हशीच्या दुधाचा चक्का घट्ट आणि भरपूर निघतो. गाईच्या दुधाचा कमी निघतो आणि मऊ राहतो, पण चालतो. पिशवीतल्या टोन्ड दुधाचं दही टांगलं तर हाती फारच थोडं लागतं आणि डिपला ओढ येत नाही. दूध उकळून बोटाला सोसेल इतकं कोमट, ४० ते ४२ अंशांच्या आसपास आलं की लिटरला एक चहाचा चमचा विरजण लावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा दही चार तासांत लागतं, आणि पाचव्या-सहाव्या तासाला आंबायला सुरुवात झालेली असते. लागल्या लागल्या फ्रिजमध्ये टाका. थंडीत आठ-दहा तास जातात, तेव्हा घाई नाही.

ताजं, अजून कोमट असलेलं दही लगेच टांगू नये. दोन-तीन तास गार होऊन ते घट्ट बसू द्या. कोमट दही फडक्यात ओतलं की त्याची कवडी मोडते आणि खाली येणारं पाणी दुधासारखं पांढरं असतं, म्हणजे दह्यातला ऐवजच वाहून चाललेला असतो. नीट बसलेल्या दह्याची निवळी स्वच्छ, किंचित हिरवट-पिवळी उतरते. दुहेरी मलमल चाळणीवर पसरा, चाळणी पातेल्यावर ठेवा आणि सगळं तसंच फ्रिजमध्ये सरकवा. पाच-सहा तास पुरतात. उन्हाळ्यात खुंटीला पुरचुंडी टांगायचा मोह टाळा. श्रीखंडात साखर आंबटपणा झाकते, इथे झाकायला काही नाही. आणि घाईने पुरचुंडी पिळायची नाही, पिळली की चक्का फडक्याच्या विणीतून बाहेर येतो. निवळी मात्र फेकू नका, पुढे लागणार आहे.

चक्का तयार झाला की पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून किंवा पिठाच्या चाळणीतून एकदा घासून काढा. मिक्सरमध्ये टाकू नका, हे दोनदा सांगितलं तरी कमीच. मिक्सरच्या पात्याने दह्याची जाळी तुटते, धरलेलं पाणी सुटतं आणि पाच तास टांगून मिळवलेला घट्टपणा वीस सेकंदांत जातो. रवीने किंवा हातातल्या वायर-फेटणीनेच फेटा.

शेंगदाणे मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा. साल चिमटीत धरल्यावर सरकन निघालं पाहिजे आणि आतला दाणा बदामी असला पाहिजे, तपकिरी नाही. काळवंडलेला किंवा सुरकुतलेला दाणा भाजण्याआधीच काढून टाका. एक खवट दाणा अख्ख्या बरणीची चव नासवतो, आणि बुरशी धरलेला दाणा तर पोटात जाताच कामा नये. साल पाखडून काढा, नाहीतर पांढऱ्या वाटणात लालसर ठिपके राहतात आणि जिभेला किंचित तुरट लागतं. दाणे पूर्ण गार झाले की मिक्सरच्या लहान भांड्यात थांबत थांबत फिरवा. आधी कूट होईल, मग कडेला चिकटू लागेल, मग तेल सुटून ओलसर गोळा होईल. भांडं तापलं तर दोन मिनिटं थांबा. कुटावर थांबलात तरी डिप होईल, पण रवाळ लागेल आणि रात्रभरात पाणी शोषून गच्च होईल.

आता एक गंमत दिसेल, तिला घाबरायचं नाही. दाण्याच्या गोळ्यात थंड निवळी एक मोठा चमचा घातली की तो सैल होण्याऐवजी एकदम आवळतो, भिंतीला भरायच्या लांबीसारखा घट्ट होतो. बरेच जण इथेच बिघडलं म्हणून सोडून देतात, किंवा घाबरून एकदम अर्धी वाटी पाणी ओततात. दोन्ही नको. आणखी एक चमचा, फेटा. आणखी एक, फेटा. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला रंग फिकट होतो, पोत मऊ होतो आणि मलई हातात येते. थोडं पाणी दाण्यातल्या कोरड्या भागाला चिकटवून ठेवतं, पुरेसं झालं की तो भाग सुटा होऊन तेलाबरोबर मिसळतो, म्हणून असं होतं.

लसणाचं तंत्र वेगळं आहे. तो चेचला की त्याचा तिखट झणका तयार व्हायला लागतो, आणि कच्चा लसूण मिक्सरमध्ये फिरवून तसाच ठेवला तर दुसऱ्या दिवशी डिप तोंडात घेववत नाही. आंबट पदार्थ हा झणका अडवतो. म्हणून दगडी खलात आधी मीठ आणि लिंबाचा रस घाला, मग त्यात पाकळ्या चेचा आणि दहा मिनिटं राहू द्या. चव लसणाचीच राहते, पण घसा धरत नाही. खलबत्ता पितळी असेल तर लिंबू त्यात घालू नका, कळकतं. लिंबात लसूण कधी कधी हिरवट-निळसर पडतो, तो खायला चांगलाच असतो.

मिरच्यांना चीर द्या, नाहीतर तव्यावर फुटून डोळ्यात उडतात. लोखंडी तव्यावर चार थेंब तेलात पांढरे-काळे डाग पडेपर्यंत भाजा आणि लसणातच ठेचा. कोथिंबीर धुऊन फडक्यावर कोरडी केल्याशिवाय चिरू नका. ओल्या जुडीतून किती पाणी येतं ते हाताला कळत नाही, डिपला कळतं. लाल रंग हवा असेल तर नंदुरबारकडची वाळकी लाल मिरची चालेल: तीन मिरच्या, बिया काढून, गरम पाण्यात वीस मिनिटं, मग पिळून वाटायच्या. तेव्हा कोथिंबीर वगळा, दोन्ही एकत्र आले की रंग मातकट होतो.

जमवायचा क्रम असा: चक्क्यात दाण्याची मलई, मग लसूण-मिरचीचं वाटण, जिरं, गूळ. शेवटी तेल, आणि तेही बारीक धारेने, फेटत फेटत. सगळं एकदम ओतलंत तर वर तवंग येतो आणि तो परत आत जायला त्रास देतो. रिफाइंड तेलाने चकाकी येते, चव येत नाही. घाण्याचं तेल इथे चवीसाठीच आहे. कोथिंबीर सगळ्यात शेवटी. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मगच मीठ चाखा, कारण लगेच चाखलं तर कमी वाटतं आणि हात सैल सुटतो.

हे झालं डिप. चमचा उचलला की डिपचं टोक उभं राहिलं पाहिजे. केळीच्या वेफर्सबरोबर खायचं असेल तर मीठ अर्ध्यावर आणा, वेफर्सवर ते असतंच. तळलेले बिबडे यात बुडवायला सगळ्यात उत्तम, कारण ज्वारीचा पापड जाड असतो आणि ओझ्याने मोडत नाही. बटाट्याचे पातळ वेफर्स अर्ध्यात तुटून आत राहतात. शिळी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी तव्यावर मंद आचेवर कडक करून तिचे तुकडे केले, तर विकतच्या चिप्स लागणार नाहीत. वाढताना वरून शेवभाजीची तिखट शेव चिमूटभर. आधी घालून ठेवली तर मऊ पडते.

ड्रेसिंग करायचं असेल तर सगळं वाटण सैल करू नका. लागेल तेवढंच काढा: ६ मोठे चमचे वाटण, त्यात ३ मोठे चमचे थंड निवळी. साध्या पाण्याने चव फिकी होते, निवळीने आंबटपणा टिकतो. चमचा बुडवून उलटा धरा आणि पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ तशीच राहिली तर झालं, कडा वाहून मिटली तर एक चमचा वाटण आणखी घाला. पालेभाजीसाठी चौथा चमचा निवळी चालते, कोबी-गाजरासाठी तीनच. पाव किलो चिरलेल्या भाजीला ४ मोठे चमचे ड्रेसिंग भरपूर होतं.

भाजीची तयारी मात्र चुकवू नका, अर्धं काम तिथेच आहे. काकडीला आणि कोबीला अर्धा चहाचा चमचा मीठ लावून पंधरा मिनिटं चाळणीत ठेवा, हलकेच दाबून पाणी काढा आणि वरून मीठ घालू नका. टोमॅटोचा बियांचा गर काढा. मुळा किसू नका, किसला की पाण्याचा पाट वाहतो. पातळ चकत्या करा. मेथीची कोवळी पानं आणि कांद्याची पात धुतल्यावर अगदी कोरडी हवीत, ओल्या पानावरून हे ड्रेसिंग घसरतं. ताटं मांडली की मगच कालवा.

वांग्याच्या दिवसांत याचा एक भाऊबंद करता येतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही हिरवी, पांढरट पट्ट्यांची मोठी वांगी बियांना कमी आणि गराला मऊ. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, वाळक्या काड्यांवर भाजायची सोय असेल तर प्रश्नच नाही, धुराचा वास आतपर्यंत जातो. गॅसवर भाजलीत तरी साल पुरतं काळं होऊ द्या. सोललेला गर चाळणीत वीस मिनिटं निथळवा, सुरीने बारीक करा (मिक्सरमध्ये तो चिकट होतो) आणि २०० ग्रॅम गराला २०० ग्रॅम वाटण असा मिसळा. वरून कच्च्या पातीचा कांदा. हे डिपच राहतं, सॅलडवर घालायला जाऊ नका, आणि दुसऱ्या दिवसासाठी ठेवूही नका.

मूळ वाटण काचेच्या कोरड्या बरणीत, फ्रिजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं. कच्चा कांदा घातला तर त्याच दिवशी संपवा. वर थोडं पाणी सुटलेलं दिसलं तर ओतून न देता ढवळून घ्या. गारठ्यात शेंगदाणा तेल घट्ट होतं, त्यामुळे बरणी पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा आणि मगच सैल करायचं की नाही ते ठरवा. प्रवासाला किंवा शेतावर न्यायचं असेल तर उन्हाळ्यात नेऊच नका. हिवाळ्यात दोन तास बरं राहतं. उरलेलं वाटण भाजीत घालून उकळू नये, फाटतं. घालायचंच असेल तर चमचाभर बेसन कालवून, गॅस बारीक करून. आणि निवळी उरलीच तर कढीत घाला, किंवा पोळ्यांची कणीक तिने भिजवा. मीठ मात्र नेहमीपेक्षा चिमूटभर कमी.