भाच्याला ‘विचारपूस करायला’ नेलं तेव्हा

माझा भाचा म्हापशाला एका गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. चोरीची स्कूटर दुरुस्तीला आली, ती याने खोलली, आणि शनिवारी दुपारी चारच्या सुमारास पोलीस त्याला घेऊन गेले. शेजारच्या गाड्यावाल्याने फोन केला म्हणून कळलं. मी आणि अक्का डिचोलीहून निघालो.

पोलीस स्टेशनवर उत्तर मिळालं, "अटक करूंक ना, फकत विचारपूस चालू आसा." ऐकायला बरं वाटतं, पण खरी मेख तिथेच आहे. अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. राज्यघटनेचं कलम २२. अटकच दाखवली नाही तर ते २४ तास मोजणार कुठून? पोरगा समोर बाकावर बसलेला दिसत होता आणि कागदावर मात्र कुठेच नव्हता.

अक्का हात जोडून विनवण्या करत होती. तिला मी बाहेर बसवलं. विनवण्यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. कोऱ्या कागदावर मराठीत अर्ज लिहिला: याला दुपारी चारला गॅरेजमधून आणलंय, अटक असेल तर कारणं लेखी द्या, नसेल तर सोडा. हवालदाराने वाचला आणि परत दिला. शिक्का मारायला म्हणे साहेब नाहीत. मग त्याच कागदाचा फोटो काढून तिथूनच पोलीस अधीक्षकांच्या ईमेलवर पाठवला. तेव्हा सहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

नंतर १५१०० वर, म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाच्या हेल्पलाइनवर फोन केला. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असतं. रात्री वकीलबाई आल्या. चौकशी चालू असली तरी आरोपीला वकिलाला भेटता येतं, त्यामुळे त्यांना अडवता आलं नाही. त्या आल्यावरच अरेस्ट मेमो, म्हणजे अटकेची नोंद करणारा कागद, तयार झाला. अटकेची वेळ: रात्री दहा! सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या डी. के. बसू निकालापासून मेमोवर वेळ आणि साक्षीदाराची सही लागते. सहीसाठी मला आत बोलावलं. मी सही केली आणि खाली लिहिलं, ‘दुपारी चारपासून ताब्यात. मेमो मला रात्री साडेदहाला दाखवला.’ हवालदार म्हणाला, असं लिहायची पद्धत नाही. वकीलबाई म्हणाल्या, आजपासून आहे.

अटकेची कारणं इंग्रजीत टाइप केलेली होती आणि भाचा मराठी माध्यमातून जेमतेम दहावी. कारणं आरोपीला कळेल त्या भाषेत, लेखी आणि रिमांडला, म्हणजे कोठडी मागायला कोर्टापुढे, हजर करण्याच्या निदान दोन तास आधी द्यायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलंय. थोडी हुज्जत झाली, शेवटी मराठीत हाताने लिहून मिळाली.

"सोमवारी कोर्ट उघडल्यावर बघू," असंही एकाने ऐकवून पाहिलं. रविवारीही ड्युटीवर न्यायदंडाधिकारी असतात. तिथे नेलं.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार? भाचा गप्प. हवालदार अगदी पाठीला लागून उभा. सरकारी हॉस्पिटलात तपासणीच्या वेळीही तो असाच शेजारी होता, म्हणून डॉक्टरांच्या कागदावर ‘इजा नाही’. वकीलबाईंनी पोलिसांना मागे उभं करायची विनंती केली. तेव्हा कुठे तो बोलला, डाव्या कानावर मारलंय, नीट ऐकू येत नाही. ते नोंदवून घेऊन फेरतपासणीचा आदेश झाला.

चोरीचा माल बाळगल्याच्या कलमाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात आधी नोटीस देऊन बोलावता येतं; अटक केली तर ती का गरजेची होती, हे पोलिसांना लिहावं लागतं. पोलिसांच्या कागदांत त्या कारणाच्या रकान्यात धड काहीच नव्हतं. ईमेलची प्रिंट आणि मेमोवरची माझी ओळ शेजारी शेजारी ठेवली गेली, तेव्हा मधल्या सहा तासांचा खुलासाही मागितला गेला. कोठडी मिळाली नाही, जामीन झाला.

स्टेशनमधलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावं म्हणून वेगळा अर्ज दिलाय. प्रत्येक पोलीस स्टेशनात कॅमेरे हवेत, हा २०२०चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश त्याला जोडलाय. खुलासा अजून आलेला नाही. भाच्याचा मोबाईलही जप्तीतच आहे. तो सोडवायचा अर्ज कोर्टात पडून आहे आणि गॅरेजच्या गिऱ्हाइकांचे सगळे नंबर त्यातच आहेत.