मेणवलीला जाताय? आधी घाटावर जा, मग वाडा बघा

वाईपासून तीनेक किलोमीटरवर, धोमच्या रस्त्याला, कृष्णेकाठी मेणवली आहे. बरेच जण पिक्चरचं शूटिंग झालेला घाट म्हणून येतात, फोटो काढतात आणि लगेच पाचगणीची वाट धरतात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

१७६८ मध्ये औंधचे पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून नाना फडणवीसांना इथली जमीन मिळाली, मग त्यांनी वाडा, घाट आणि मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ बांधलं. वाड्याच्या मागच्या दाराने निघालं की सरळ घाटावरच येतो, म्हणजे घर, देव आणि नदी असं सगळं एकत्र विचार करून बांधलंय.

आणि घंटा चुकवू नका!! मेणेश्वराजवळच्या छोट्या घुमटीत टांगलीये. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीज चर्चमधून ज्या घंटा आल्या त्यातलीच ही, १७०७ ची ओतीव, जवळ जाऊन नीट बघितलं तर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. शंकराच्या दारात. मी बराच वेळ तिथेच उभा होतो. अशीच वसईची घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरलाही आहे.

वाड्यात सहा चौक आहेत, भिंतींवर पेशवाईतली चित्रं आहेत, रंग बरेच उडालेत पण फ्लॅश मारू नका आणि हात तर अजिबात लावू नका. नानांचे कागद म्हणजे मेणवली दफ्तर याच वाड्यातलं, इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांनी ते मिळवलं आणि आता ते पुण्याला डेक्कन कॉलेजात आहे. उत्तर पेशवाईचा अभ्यास करणाऱ्याला त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. वाडा खाजगी आहे, विचारूनच आत जा, सुट्टे पैसे जवळ ठेवा.

पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि वर धोम धरण आहे, विसर्ग चालू असेल तर पाण्याजवळ जाऊच नका, लहान मुलं असतील तर जास्तच सांभाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर गेलात तर सगळ्यात बेस्ट. स्वतःच्या गाडीने पुण्याहून येणाऱ्यांनी खंबाटकी उतरल्यावर सुरूर फाट्याला वाईकडे वळायचं. एसटीने आलात तर वाई स्टँडवरून रिक्षा करा आणि परतीचंही तेव्हाच ठरवून घ्या. वेळ उरला तर त्याच रस्त्याने पुढे धोमला जा, तिथला कासवावरचा नंदी बघण्यासारखा आहे.