सॅन स्टॉर्ममध्ये १.६: इंजिन बसलं, आता वायरिंग

माझ्या सॅन स्टॉर्मचं जुनं इंजिन काढून मोठं १.६ लिटरचं बसवतोय. मागच्या वेळी गाडी रिकामी करून ठेवली होती, आता इंजिन आत आहे. इंदूरच्या सांवेर रोडवरच्या गॅरेजमध्ये चेन पुलीवरून खाली सोडताना मिस्त्री म्हणाले "दादा, ह्याला जागाच कुठंय", पण बसलं.

नवीन लोकांसाठी, स्टॉर्म म्हणजे गोव्यात बनलेली दोन सीटची फायबरची गाडी, आत रेनॉचं ११४९ सीसी डी७एफ इंजिन, साधारण ६० बीएचपी. त्याच्या जागी मी ॲक्सिडेंट झालेल्या पेट्रोल रेनॉ डस्टरचं के४एम इंजिन घेतलंय, १५९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, १०४ पीएस. दुसऱ्या कंपनीची यापेक्षा ताकदवान इंजिनं मिळाली असती, पण मला गाडी रेनॉचीच ठेवायची होती, आणि क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरलं ते सांगणारा) दोन्हीत गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसून फ्लायव्हीलचे दात मोजतो त्यामुळे डोकं कमी लावावं लागतं. फ्लायव्हील मात्र के४एमचंच हवं, दातांचा हिशोब ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, जुळला पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळ गेला फाउंडेशनमध्ये, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या माउंटमध्ये. या इंजिनाचं वजन वरच्या दोन फाउंडेशनवर लटकतं, एक टायमिंग बेल्टच्या बाजूला आणि एक गिअरबॉक्सवर, आणि खालचा टॉर्क रॉड फक्त इंजिनाला पुढंमागं डोलू देत नाही. आता हे सगळं फायबरला लावून चालत नाही, लोड स्टीलच्या चेसिसवरच गेला पाहिजे, म्हणून दोन्ही ब्रॅकेट आधी पुठ्ठ्याची काढली, मग जाड पत्र्यात, आणि टॉर्क रॉडच्या जागी चेसिसला आतून प्लेट वेल्ड केली. माझ्या मते अशा इंजिन स्वॅपमध्ये (अदलाबदलीत) बीएचपीपेक्षा हीच प्लेट महत्त्वाची, फाउंडेशन सुटलं तर शाफ्ट, होज, वायरिंग सगळं ओढून नेतं.

गिअरबॉक्स डस्टरचाच ठेवला. पण डस्टरला टायर २१५/६५ आर १६ आणि माझ्याकडे १७५/७० आर १३, म्हणजे प्रत्येक गिअर साधारण १६ टक्के आखूड पडतो, पिकअपला मजा, हायवेला इंजिन ओरडणार. ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकं फिरवणारे दांडे) जोडून वेल्ड करायला मी साफ नाही म्हटलं, आतली बाजू डस्टरची आणि बाहेरची स्टॉर्मची ठेवून नवीन शाफ्ट बनवून राहिलेत.

टायमिंग बेल्ट नवीन टाकला. के४एम उघडणाऱ्यांनी हे नीट वाचा, क्रँकच्या पुलीला चावी (ती जागेवर अडकवणारी खिळी) नसते, फक्त बोल्टच्या दाबावर ती धरते, म्हणून क्रँकचं तोंड आणि पुली तेलाचा एक थेंब न ठेवता पुसा, नवीन बोल्ट घ्या, आणि कॅमला मागून लॉकिंग पट्टी व क्रँकला टीडीसी पिन (पिस्टन अगदी वर असताना क्रँक अडवणारी) लावूनच बेल्ट चढवा. खडूच्या खुणांवर भरवसा ठेवू नका, पुली घसरली तर व्हॉल्व्ह गेले.

आता वायरिंग. डस्टरचा ईसीयू इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या लॉकशी) बांधलेला, म्हणून वेगळा प्रोग्रॅम होणारा ईसीयू लावतोय. आणि फायबरमधून करंट जात नाही हो, साध्या गाडीत अर्थ बॉडीला दिला की झालं, इथं प्रत्येक लाइट, पंप, सेन्सरची काळी वायर परत आणायची. बॅटरीपासून इंजिन ब्लॉकला आणि चेसिसला वेगवेगळे जाड केबल टाकले, बाकीचे अर्थ एका तांब्याच्या पट्टीवर. सायलेन्सरचा पाइप फायबरजवळून जातो तिथं हीट शील्ड लागणारच, रेझिन गरम झालं की आधी रंग फुगतो.

कागदांचं पण सांगतो कारण सगळे विचारतात. मोटार व्हेइकल ॲक्टचं कलम ५२ आहे, आरसीवरच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी गाडी चालत नाही आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच म्हटलंय. म्हणून ही रस्त्यावर येणार नाही, फ्लॅटबेडवर टाकून बंद ट्रॅकलाच नेणार. आपल्या शेजारी पिथमपूरला नॅट्रॅक्सचा (गाड्या तपासायचं केंद्र) ११.३ किमीचा हाय स्पीड ट्रॅक आहे, तिथं एकदा तरी चालवायला मिळावी ही फार इच्छा आहे.

ब्रेक आधी, स्टार्ट नंतर. पुढच्या डिस्क मोठ्या होतायत, रेडिएटरला दुहेरी पंखा येतोय, मग कॉइलचे कनेक्टर काढून ऑइलचा लाइट विझेपर्यंत नुसतं क्रँक करायचं. कुणाकडे स्टॉर्मचा मूळ वायरिंग डायग्राम असेल तर पाठवा, हेडलाइटच्या रिलेच्या वायरींचे रंग इथं कुणालाच लागत नाहीयेत.